मशीनच्या घरचा कुकर

"काय पाहिजे ते नका सांगू, काका. अडलं कुठे ते सांगा."

हे बोलायच्या आधी मॅडम एक गोष्ट करायची. हातातला मोबाईल मांडीवर पालथा घालायची, काच खाली. मग तो कितीही थरथरू दे, उलटा करून बघायची नाही. समोरच्याचं बोलून संपेपर्यंत नाही. तुम्हीही चार ठिकाणी हिंडता, दवाखान्यात, बँकेत, नगरपालिकेत. सांगा, असं ऐकणारं माणूस शेवटचं कधी बघितलं?

तिचं नाव लिहीत नाही. तिला आवडायचं नाही. आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो. चाळिशीची असेल. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायची आणि उल्हासनगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला यायची. कंपनी म्हणजे फर्निचरच्या दुकानांवरचा एक मजला. सॉफ्टवेअर बनवायचं काम तिचं नव्हतं. ते वापरणारे लोक जे मागतात, हे टाका, ते काढा, अमुक कधी येणार, ते ऐकून घ्यायचं आणि त्यातलं काय होईल, काय नाही, ते कंपनीत भांडून ठरवायचं, हे तिचं काम. म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायचं काम.

मी कमी शिकलेला माणूस. चौथीपर्यंत शाळा, मग सगळा जन्म अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या बॉयलरवर गेला. बॉयलरपाशी हळू बोलून चालत नाही, म्हणून तोंड मोठं. राहतो बुवापाड्यात. बायको इंदू. ती होती तोवर मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती. आता लिहिताना घेतो नाव. आता कोण लाजणार आहे.

इंदूच्या किडन्या गेल्या. ठरल्या दिवशी तिला उल्हासनगरच्या एका डायलिसिस सेंटरला न्यायचो. डायलिसिसला पाणी फार लागतं, आणि आपल्याकडच्या पाण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. नळ बंदचा दिवस असला की सेंटर टँकरवर. टँकर आला तर दुपारचे नंबर दुपारी. येणार नसला तर टाकीत आहे तेवढ्या पाण्यात सगळ्यांना पहाटेपासून उरकायचं. म्हणून उद्याचा नंबर किती वाजता, हे आदल्या दिवशी संध्याकाळीच ठरायचं. आधी तिथला टेक्निशियन स्वतः फोन करायचा. "काका, उद्या पहाटे या." विषय संपला.

मग सेंटरने सॉफ्टवेअर घेतलं. फोन बंद, मेसेज सुरू. टेक्निशियनने बटण दाबलं की सगळ्यांना एकदम मेसेज, आणि त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे हिरवी खूण. मेसेज इंग्रजीत. माझ्या बटणवाल्या फोनवर दिवसभर इंग्रजी मेसेज येतात, लोन घ्या, प्लॉट घ्या. त्यातला हा कुठला, मला काय कळणार?

एकदा नेहमीसारखा दुपारी इंदूला घेऊन गेलो. टाकी रिकामी. मशीनं पुसून ठेवलेली. टेक्निशियन म्हणाला, "काका, आज पहाटेचा नंबर होता ना. मेसेज गेलाय. ही बघा हिरवी खूण."

अंगात पाणी साठलं की माणसाला आडवं होता येत नाही, दम कोंडतो. त्या रात्री इंदू घरी भिंतीला पाठ लावून बसून राहिली. मी समोर बसलो. तिचा एक श्वास गेला की दुसरा येतो की नाही, एवढंच बघत. सकाळी रिक्षात घातली तेव्हा ओठ निळे पडले होते. वाचली. पण मी ठरवलं, या सॉफ्टवेअरवाल्याला एकदा समोर गाठायचा.

समोर आली ती मॅडम. सॉफ्टवेअर बसवल्यावर लोकांना काय त्रास होतो ते बघायला ती अधूनमधून सेंटरच्या बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर येऊन बसायची. मला टेक्निशियनने बोटाने दाखवली. मी सरळ जाऊन उभा राहिलो.

"तुमचं सॉफ्टवेअर बोगस आहे. माझी बायको मरत होती."

मॅडम उठली नाही, की सॉरी म्हणाली नाही. मोबाईल मांडीवर पालथा घातला आणि ते वाक्य बोलली. अडलं कुठे ते सांगा.

"अडलं काय? मराठीत मेसेज पाहिजे!"

"मराठीत आला तर अडायचं थांबेल?"

"मग? मी काय इंग्रज आहे?"

तिने तिथल्या तिथे मला एक मराठी मेसेज पाठवला. माझ्या फोनवर उमटले नुसते चौकोन. एकाला एक लागून चौकोन, अक्षर एक नाही. जुना फोन, त्याला मराठी येत नव्हतं. मग ती इंदूकडे वळली.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"मी कवा गेलेय शाळंत, बाय," इंदू म्हणाली. इंदू बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. भाताच्या लावणीत वाढलेली.

मॅडमने हॉलभर नजर फिरवली. बाकावर एक सिंधी आजोबा होते, त्यांना त्यांची जुनी लिपी सोडून काही वाचता येत नव्हतं. वांगणीकडची एक कातकरी बाई होती. मॅडम म्हणाली, "म्हणजे अडलंय वाचण्यात. भाषेत नाही. हिरवी खूण म्हणते मेसेज पोचला. कळला, असं ती म्हणत नाही."

"तर मग फोन टाका त्याच्यात," मी म्हणालो. "मशीनने फोन करायचा आणि बोलायचं."

"घेतलं."

"कधी होणार?"

"तारीख नाही देणार, काका."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "सरकारी माणसासारखं बोलू नका." ती म्हणाली, "तारीख दिली आणि चुकली, तर त्या दिवशी तुम्ही माझ्या भरवशावर बसाल. आणि मावशी भिंतीला टेकून बसतील. होणार असेल तर होणार म्हणेन. होणार नसेल तर तेही तोंडावर सांगेन. तारीख नाही."

तिच्याकडे तीनच उत्तरं असायची. घेतलं, थांबलंय, होणार नाही. चौथं नाही. कंपनीच्या फोनवर बोलणारी बाकीची माणसं गोड बोलायची, "आपली विनंती पुढे पाठवली आहे," म्हणायची, आणि ती पुढे म्हणजे कुठे जायची ते देवाला माहीत. मॅडम गोड बोलायची नाही. एका बाईंनी तिला सांगितलं, "माझ्या नंबराचा मेसेज माझ्या तिन्ही मुलांना जाऊ दे." मोबाईल पालथा. "का, मावशी?" बाई म्हणाल्या, "प्रत्येक जण म्हणतो, आई, मला कुणी सांगितलंच नाही." मॅडम म्हणाली, "मावशी, मेसेज तिघांना पाठवता येईल. पण तुमचं अडलंय ते त्याने सुटणार नाही." बाई रडल्या. नंतर हसल्यासुद्धा. म्हणाल्या, "मेली खरं बोलते."

पुढच्या खेपेला मी विचारलं, फोनचं काय झालं?

"थांबलंय."

"कुणामुळे?"

"एक मोठं हॉस्पिटल आहे. त्यांना आधी विम्याचा रिपोर्ट हवाय."

"म्हणजे पैसेवाल्याचं आधी."

"हो," ती म्हणाली. नुसतं हो. "मी भांडले, काका. हरले. परत भांडणार आहे. मधल्या काळात टेक्निशियनने फोन करावा असंही सेंटरला सांगितलं. ते म्हणतात, मग सॉफ्टवेअर कशाला घेतलं?"

शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं. हरले म्हणणारं माणूस ऑफिसात असतं, हे मला माहीत नव्हतं.

ते दिवस वाईट गेले. नंबरच्या आदल्या संध्याकाळी मी फोन घेऊन नाक्यावरच्या मेडिकलवर जाऊन उभा राहायचो. तो पोरगा गिऱ्हाईक करता करता मेसेज वाचून दाखवायचा. मेडिकल बंद असलं की पंचाईत. मग रस्त्यात कुणी शिकलेला दिसतोय का ते शोधायचं. म्हातारा फोन पुढे करून येतोय म्हटल्यावर लोक बाजूने निघून जातात. त्यांना वाटतं, मागायला आलाय.

आणि एका संध्याकाळी फोन वाजला.

"नमस्कार. इंदुबाई. उद्या तुमचा नंबर. सकाळी. सहा वाजता. धन्यवाद."

बाईचा आवाज. सपाट. शब्द तोडून तोडून. मशीन!

मी घरात ओरडलो. दुसऱ्या दिवशी सेंटरला छाती काढून फिरलो. "बोंब मारल्याशिवाय होत नाही," असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनाच फोन आले होते. सिंधी आजोबांना तर सिंधीत. मॅडम त्या दिवशी दिसली तेव्हा मी म्हणालो, "झालं ना शेवटी!" ती म्हणाली, "नंबर वेळेवर कळला ना?" एवढंच. मला वाटलं, मोठेपणा नको असेल तिला.

तिथून पुढे ठरल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, फोन यायचा. इंदू तो स्पीकरवर टाकून मांडीवर घेऊन बसायची. आमच्या घरात तिचं नाव असं मोठ्याने घेणारं ते मशीनच पहिलं. इंदुबाई. नाव आलं की ती पदर सारखा करायची. मी हसायचो. पुढे पुढे तर ती त्याच्याशी बोलायला लागली.

"जेवलीस का गो बाय?"

तिकडे जरा शांत व्हायचं. मग, "धन्यवाद."

"अगं येडे, मशीन आहे ते," मी म्हणायचो. इंदू माझ्याकडे बघून गालात हसायची. मला वाटायचं, आजाराने हलकं झालंय डोकं.

मग ती संध्याकाळ आली. नळ बंदचा दिवस दुसऱ्या दिवशी होता, म्हणजे नंबर बदलणार हे नक्की. दिवे लागले. फोन वाजला नाही. शेजारच्यांची आरती झाली, जेवणं झाली. फोन नाही. इंदूचे पाय सकाळपासूनच सुजलेले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

"बरं नसेल तिला," इंदू म्हणाली.

"कुणाला?"

"मॅडमला."

"मॅडमचा काय संबंध? मशीन बिघडलं असेल."

तेव्हा इंदू म्हणाली, "अवो, मशीनीच्या घरी कुकर लागतो का कधी? मी दर खेपेला ऐकते. ती बोलत असते नि मागं शिट्टी होते. एकदा तर शिट्टी झाल्यावर मशीन म्हणाली, गॅस बारीक कर रे. मग धन्यवाद म्हणाली."

इतके दिवस ती बाई हेंद्रेपाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून, आवाज सपाट करून, एकेकाला फोन करत होती. आणि माझ्या बायकोला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं असतं," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

पण आता फोन आलेला नव्हता. इंदूला शेजारणीजवळ बसवून मी रिक्षा केली. सेंटरचं शटर अर्धं खाली होतं. टेक्निशियन म्हणाला, "पहाटे पाचचा नंबर आहे, काका. फोन नाही आला? कुणालाच नाही?" त्याचाही चेहरा उतरला. कितीतरी माणसं घरी बसली होती, दुपारी यायचं म्हणून. दुपारी टाकीत थेंब नसणार.

कंपनी तिथून जवळच. जिना चढलो. काचेच्या दारातून आतला दिवा दिसत होता आणि कंपनीच्या शेठचा आवाज बाहेर येत होता. शेठ सिंधी, पांढरा शर्ट, जाड माणूस. टेबलाच्या एका बाजूला सेल्सचा माणूस मान खाली घालून. दुसऱ्या बाजूला मॅडम. आणि टेबलावर तिचा मोबाईल. पालथा. थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकलेला. समोरचा बोलून संपेपर्यंत ती बघायची नाही, आणि शेठ बोलायचा थांबलाच नव्हता.

झालं होतं असं. सेंटरच्या डॉक्टरांनी त्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांपाशी कौतुक केलं, की आमचं सॉफ्टवेअर पेशंटला त्याच्या भाषेत फोन करतं. त्यांनी सेल्सच्या माणसाला विचारलं. त्याने ठोकून दिलं, हो, आहे ना. मग कंपनीत येऊन बघतो तर असलं काही नाहीच, फोन मॅडम स्वतःच करतेय.

"मैंने सोचा, नया आया होगा," सेल्सवाला पुटपुटत होता.

"मैडम, हम सॉफ्टवेअर बेचते हैं, के पीसीओ चलाते हैं?" शेठ म्हणाला. "आप मशीन हो? कल आपको बुखार आया, तो? एक फोन छूट गया, तो? पेशंट किसको पकड़ेगा? मेरेको!"

मी दार ढकललं. म्हणालो, "आजच सुटलेत. सगळेच."

मी तिची बाजू घ्यायला चढलो होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते शेठच्याच बाजूने. मॅडमने माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या मोबाईलकडे.

"मावशी?"

"मला कळलंय. पाचचा नंबर. मी सेंटरला जाऊन विचारलं. बाकीच्यांना माहीत नाही."

तिने मोबाईल उचलला आणि तिथेच उभ्याने फोन लावायला लागली. त्याच सपाट आवाजात. "नमस्कार. उद्या तुमचा नंबर. पहाटे. पाच वाजता." एक झाला की दुसरा. कुणी उचलला नाही की परत. शेठ बोलायला गेला आणि थांबला. एकाचा फोन बंद लागत होता, त्याच्या शेजाऱ्याचा नंबर तिला पाठ होता. सिंधी आजोबांना तिने सिंधीत सांगितलं. त्यात एक शब्द चुकला. शेठ हळूच तो शब्द बोलला. तिने परत नीट सांगितला. पलीकडून आजोबा ओरडून काहीतरी म्हणाले आणि शेठ तोंड फिरवून खिडकीकडे गेला.

शेवटचा फोन झाल्यावर ती खुर्चीत बसली. म्हणाली, "शेठ, तुम्ही बरोबर आहात. हे माझ्या एकटीवर ठेवायला नको होतं. सिस्टिममध्ये टाका."

"डालना ही पड़ेगा," शेठ म्हणाला. "बड़े हॉस्पिटल को बोल दिया है इसने."

म्हणजे बघा. आमच्या इंदूच्या निळ्या ओठांनी झालं नाही, ते एका सेल्सवाल्याच्या थापेने झालं. मी तिथल्या तिथे तसं बोलून दाखवलं. शेठ ओशाळला. मॅडम म्हणाली, "होतंय ना, काका. कशाने का होईना." मग तिने शेठला विचारलं, "होईपर्यंत?"

शेठने सेल्सवाल्याकडे बोट केलं. "ये भी करेगा. दोनों करो. एक का छूटा तो दूसरा पकड़ेगा."

पुढच्या खेपेला पुरुषाचा घोगरा आवाज आला. "नमस्कार. इंदुबाईजी." इंदूने फोन ठेवला आणि दम लागेपर्यंत हसली. म्हणाली, "आज मशीनीचा नवरा बोलला."

मग खरं मशीन आलं. आवाज स्वच्छ, गोड, न चुकणारा. दिवस, वेळ, सगळं बरोबर. इंदूने पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवलीस का गो बाय?" ते मध्ये थांबलं नाही. तिचं बोलणं चालू असतानाच धन्यवाद म्हणून बंद झालं.

"ही ऐकत नाही," इंदू म्हणाली. तिने परत कधी विचारलं नाही. पण नंबर चुकला नाही, हेही सांगायला पाहिजे. एकदाही नाही.

इंदू गेली ती नंबर चुकून नाही. हृदय थकलं. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. आणि एका दिवेलागणीला फोन वाजला.

"नमस्कार, इंदुबाई. उद्या आपला नंबर सकाळी सहा वाजता आहे."

मी फोन भिंतीवर मारणार होतो. मारला नाही. सेंटरला जाऊन टेक्निशियनला सांगितलं. त्याने चुकचुकून काहीतरी दाबलं. तरी फोन आला. त्याने गैरहजर लावलं, तर मशीन दोनदा करायला लागलं. गैरहजर राहणाऱ्याला जास्त आठवण करायची, असं त्याला शिकवलेलं. कंपनीत फोन केला. नवीन कुणी मुलगी होती. "आपली विनंती नोंदवली आहे, सर."

"मेलेल्या माणसाला फोन करताय तुम्ही!"

"हो सर. नोंदवलं आहे, सर."

जिना चढून गेलो. मॅडम होती. मला बघून उभी राहिली. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण मी एकटा आलेला बघून तिला कळलं. मी ओरडायला लागलो, घरात बसवत नाही, दिवेलागणी झाली की छातीत धडधडतं, हे काय माणसांचं काम आहे का. ती बसली. मोबाईल मांडीवर पालथा.

"अडलं कुठे ते सांगा, काका."

आणि मला सांगता येईना. तुम्हाला सांगतो, आयुष्यात माझं तोंड असं कधी बंद पडलं नव्हतं. फोन बंद व्हायला पाहिजे होता. पण त्या घरात तिचं नाव मोठ्याने घेणारं आता तेवढंच राहिलं होतं. मी तर कधी घेतलंच नव्हतं.

मोबाईल तिने उचलला नाही. मग म्हणाली, "बंद करायचा?"

"हो." मग म्हणालो, "नको." मग परत, "हो."

"सिस्टिममध्ये फोन थांबवायला कारण लागतं," ती म्हणाली. "बरा झाला, दुसरीकडे गेला, सुट्टीवर आहे, गैरहजर. हे कारण त्यात नाही. कुणी मागितलंच नाही. ज्यांना लागतं, ते परत सेंटरला येत नाहीत." मग म्हणाली, "माझ्याही लक्षात यायला पाहिजे होतं."

"कधी होणार?"

"तारीख नाही देणार, काका."

मी रागाने उठलो. जिना उतरून निघून आलो.

त्यानंतरही मशीनचे फोन आले. मी उचलायचो, नाव ऐकायचो, ठेवायचो. मग एका दिवेलागणीला वाजला. उचलला.

"नमस्कार." सपाट आवाज, तोडून बोललेला. "इंदुबाई." मग थांबला. आणि तो सपाटपणा गेला. "काका, मी बोलतेय. उद्या नंबर नाही. आता नंबर नाही."

मागे कुकरची शिट्टी झाली.

मी म्हणालो, "जेवलीस का गं?"

तिकडे शांत झालं. ती धन्यवाद म्हणाली नाही. "बसतेच आहे आता," म्हणाली. "तुम्ही?"

"बसतो."

तिने फोन आधी ठेवला नाही. मी ठेवेपर्यंत थांबली.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्या बाजूला गेलो, तर जिना चढलो. तिच्या खुर्चीवर दुसरं माणूस. शेठ म्हणाला, "मैडम तो पुणे गई, काका. बड़ी कंपनी में. लेकिन आपका बटन बनवाके गई. मैंने पूछा, कब तक होगा, तो मेरेको भी बोली, तारीख नहीं दूँगी." आणि आम्ही दोघेही हसलो. सेंटरला टेक्निशियनने ते बटण दाखवलं. ते दाबलं की हिरवी खूण येत नाही. आधी विचारतं, घरी स्वतः फोन केलात का? केला म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. तिने असंच मागून घेतलं होतं.

शेठ तिचा नंबर देत होता. मी घेतला नाही. तिला तिथे माझ्यासारखे पुष्कळ असतील.

बुवापाड्यात घरं एकाला एक लागून आहेत. दिवेलागणीला कुठे ना कुठे कुकर लागतो. शिट्टी झाली की माझा हात फोनकडे जातो.